पराभूत संघाचे निष्ठावंत

एखादा दुकानदार सलग सोळा वर्षे निकृष्ट माल विकत राहिला, तर सतराव्या वर्षी त्याच्या दुकानाची पायरी कोणी चढणार नाही, असे अर्थशास्त्राचे कोणतेही प्राथमिक पाठ्यपुस्तक सांगेल. व्यावसायिक खेळांचा बाजार मात्र या नियमाला जुमानत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याची राजधानी असलेल्या सॅक्रामेंटो शहराचा 'किंग्ज' हा बास्केटबॉल संघ २००६ नंतर सलग सोळा मोसम बाद फेरीत पोचू शकला नाही. नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनमध्ये, म्हणजे एनबीएमध्ये, तीस संघ आहेत आणि त्यांपैकी सोळांना बाद फेरीत प्रवेश मिळतो. निम्म्याहून अधिक विद्यार्थी उत्तीर्ण होतात अशा परीक्षेत सोळा वेळा नापास होण्यासारखेच हे झाले. त्या संघटनेच्या इतिहासात इतका प्रदीर्घ दुष्काळ दुसऱ्या कोणत्याही संघाच्या वाट्याला आला नव्हता. तरीही एप्रिल २०२३ मध्ये हा संघ अखेर बाद फेरीत उतरला, तेव्हा त्याच्या स्वागताला सारे शहर लोटले. सोळा वर्षे हे गिऱ्हाईक कोठे गेले नव्हते.

या चिकाटीला वेड म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. ज्याने त्याने आपला पैसा आणि आपली संध्याकाळ कशावर उधळावी हा ज्याचा त्याचा प्रश्न, असेही म्हणता येईल. परंतु याच निष्ठेचा हवाला देऊन नगरपालिकेच्या तिजोरीतून कोट्यवधी डॉलर मागितले जातात, याच निष्ठेच्या बळावर संघाचे मूल्य अनेक पटींनी वाढते आणि या वाढीत निष्ठावंताचा मात्र कवडीचाही वाटा नसतो, तेव्हा हा प्रश्न केवळ खाजगी छंदाचा राहत नाही. धडपडणाऱ्या संघाच्या पाठीशी उभा राहणारा चाहता नेमके काय देतो आणि त्याच्या बदल्यात त्याला काय मिळते, याचा हिशेब मांडणे म्हणूनच आवश्यक ठरते.

दुष्काळाची पूर्वपीठिका

किंग्ज हा मुळात भटका संघ. रॉचेस्टर शहरात असताना, 'रॉयल्स' या नावाने, त्याने १९५१ मध्ये एनबीएचे विजेतेपद मिळविले. ते त्याचे पहिले आणि आजवरचे एकमेव विजेतेपद. तेथून तो सिनसिनाटीला, मग कॅन्सस सिटीला आणि १९८५ मध्ये सॅक्रामेंटोला आला. सॅक्रामेंटोचा आनंद हा कॅन्सस सिटीच्या वियोगावर उभा होता, ही गोष्ट पुढील घटना समजून घेताना ध्यानात ठेवली पाहिजे.

सॅक्रामेंटो हे लॉस एंजेलिस किंवा सॅन फ्रान्सिस्को नव्हे. शहराची लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास. राज्य सरकारच्या कचेऱ्या हा तेथील रोजगाराचा मोठा आधार. म्हणजे कारकून, शिक्षक, लहान अधिकारी यांचे हे शहर. मोठ्या शहरांना चार-चार, पाच-पाच व्यावसायिक संघ असताना या शहराला दीर्घकाळ पुरुषांच्या अव्वल दर्जाच्या खेळांपैकी हा एकच संघ लाभला. तेव्हा त्याच्यावर जीव जडला यात नवल नाही. पहिली दहा-बारा वर्षे संघ सुमार असूनही घरच्या सामन्यांची तिकिटे हातोहात खपत होती. १९९०-९१ च्या मोसमात परगावी खेळलेल्या ४१ सामन्यांपैकी ४० सामने या संघाने गमावले. घरी मात्र ४१ पैकी २४ सामने तो जिंकला. घरच्या प्रेक्षकांचा आधार म्हणजे काय याचे याहून बोलके आकडे सापडणे कठीण.

शतकाच्या वळणावर भाग्य फळफळले. २००१-०२ मध्ये ८२ पैकी ६१ सामने जिंकून हा संघ विजेतेपदाच्या उंबरठ्यावर पोचला आणि पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीतील सातव्या सामन्यात, जादा वेळेत, लॉस एंजेलिसच्या 'लेकर्स'कडून हरला. लेकर्सचे प्रशिक्षक फिल जॅक्सन यांनी सॅक्रामेंटोची गुराढोरांचे गाव म्हणून संभावना केली होती. चाहत्यांनी त्याला दिलेले उत्तर गमतीचे होते: गाईंच्या गळ्यातल्या घंटा हाती घेऊन ते सामन्यांना येऊ लागले आणि त्या घंटांच्या गजरात प्रतिस्पर्ध्यांना बोलणेही ऐकू येईनासे झाले. हिणवणुकीचेच बिरुद करून मिरवणारा हा समाज होता.

त्यानंतर आली ती १६ वर्षांची ओहोटी. या काळात संघाचे अकरा प्रशिक्षक झाले. २०१४ च्या डिसेंबरात ज्या मायकेल मलोन यांना काढून टाकण्यात आले, त्यांनीच पुढे २०२३ मध्ये डेन्व्हरच्या संघाला विजेतेपद मिळवून दिले. २०१८ च्या नवोदितांच्या निवडीत संघाला दुसऱ्या क्रमांकाची संधी मिळाली. त्याने मार्विन बॅग्ली याला निवडले आणि लगेच नंतरच्या क्रमांकावर जो लुका डॉनचिच दुसरीकडे गेला, तो त्याच्या पिढीतील श्रेष्ठ खेळाडूंपैकी एक ठरला. चाहत्याला केवळ पराभव सोसावे लागले नाहीत. आपल्याकडून निसटलेले यश दुसऱ्याच्या अंगणात बहरताना पाहावे लागले.

पराभवाचे अर्थकारण

व्यावसायिक खेळाचा धंदा इतर धंद्यांहून वेगळा का, हे अर्थशास्त्रज्ञांनी फार पूर्वीच सांगून ठेवले आहे. सायमन रॉटेनबर्ग यांनी १९५६ मध्ये दाखवून दिले की, सामन्याच्या निकालाबद्दलची अनिश्चितता हाच या मालाचा प्राण आहे. वॉल्टर नील यांनी १९६४ मध्ये हाच विचार पुढे नेला. साबणाचा कारखानदार आपला प्रतिस्पर्धी बुडाला तर आनंदित होईल; मुष्टियोद्ध्याला मात्र तोडीस तोड प्रतिस्पर्धी नसेल तर त्याच्या लढतीला कुत्रेही विचारणार नाही. म्हणजे दुबळा संघ हा बलवान संघांच्याही गरजेचा असतो. त्याने तग धरावा म्हणून सर्वांनी मिळून व्यवस्था करावी लागते.

एनबीएची व्यवस्था अशीच आहे. दूरचित्रवाणीच्या देशव्यापी करारांतून येणारा पैसा सर्व संघांत समान वाटला जातो. खेळाडूंच्या वेतनावर कमाल मर्यादा असते. आणि तळाशी राहिलेल्या संघांना नवोदित खेळाडूंच्या निवडीत अग्रक्रमाची अधिक शक्यता सोडतीने दिली जाते. हेतू स्तुत्य आहे. तथापि या व्यवस्थेची दुसरी बाजूही आहे. जिंकले काय आणि हरले काय, मालकाच्या उत्पन्नाचा मोठा भाग सुरक्षितच असेल, तर कारभार सुधारण्याची निकड त्याला किती भासणार? शिवाय हरण्याला बक्षीस ठेवले की मुद्दाम हरणारे निपजतातच. फिलाडेल्फियाच्या संघाने २०१३ नंतर हे धोरण उघडपणे राबविले आणि २०१५-१६ मध्ये ८२ पैकी अवघे १० सामने जिंकले. अखेर संघटनेला २०१९ पासून सोडतीचे नियम बदलून अगदी तळाच्या तीन संघांना सारखीच, प्रत्येकी १४ टक्के, संधी द्यावी लागली.

या नियमांनी चाहत्याच्या मनाची जी ओढाताण होते, तिची दखल मात्र कोणताही नियम घेत नाही. मोसमाच्या उत्तरार्धात संघ तळाशी असेल, तर आजचा सामना जिंकावा अशी प्रार्थना करावी, की उद्याच्या खेळाडूसाठी हरावा अशी? आपल्याच संघाच्या पराभवात आपले हित शोधायला लावणारी व्यवस्था सदोष आहे, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

सुधारणेची मोजदाद

सॅक्रामेंटोची सुधारणा २०२२-२३ मध्ये दिसली; तिची पायाभरणी मात्र आधी झाली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये संघाने टायरीस हॅलिबर्टन हा आपला लाडका तरुण खेळाडू इंडियानाला देऊन डोमँटास साबोनिस याला आणले. चाहते हळहळले, संतापले. त्या वर्षी संघाने जेमतेम ३० सामने जिंकले. पुढच्या मोसमात माइक ब्राउन हे नवे प्रशिक्षक आले, साबोनिस आणि डिॲरन फॉक्स यांची जोडी जमली आणि विजयांची संख्या ३० वरून ४८ वर गेली. दर शंभर चेंडूताब्यांमागे गुण मिळविण्यात संघाने तोवरच्या साऱ्या संघांना मागे टाकले. ब्राउन यांची वर्षातील सर्वोत्कृष्ट प्रशिक्षक म्हणून एकमताने निवड झाली. प्रत्येक विजयानंतर क्रीडागाराच्या छतावरून जांभळ्या प्रकाशाचा झोत आकाशात सोडण्याची प्रथा त्याच मोसमात सुरू झाली. सामना न पाहिलेल्या माणसालाही घराच्या गच्चीवरून निकाल कळू लागला.

बाद फेरीत गाठ पडली ती आदल्या वर्षीच्या विजेत्या गोल्डन स्टेटशी. सॅक्रामेंटोने पहिले दोन्ही सामने जिंकले, पण सातव्या सामन्यात स्टीफन करीने एकट्याने ५० गुण मिळविले आणि १२०-१०० अशा फरकाने घरच्याच प्रेक्षकांसमोर संघ बाद झाला. स्पर्धेच्या दृष्टीने ही पहिल्याच फेरीतील हार. चाहत्याच्या लेखी मात्र ते गेल्या दोन दशकांतील सर्वांत आनंदाचे वर्ष. यात विसंगती नाही. माणसाचे समाधान तो कोणत्या पायरीवर उभा आहे यापेक्षा तो किती पायऱ्या चढला यावर अवलंबून असते. नित्य जिंकणाऱ्या संघाच्या चाहत्याला साठावा विजय जे देऊ शकत नाही, ते धडपडणाऱ्या संघाचा पंचेचाळिसावा विजय देऊन जातो.

परंतु सुधारणेची रेषा सरळ वर जात नाही, हेही याच संघाने दाखवून दिले. पुढच्या वर्षी ४६ सामने जिंकूनही तो बाद फेरीबाहेर राहिला. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच ब्राउन यांना मोसमाच्या मध्यावरच निरोप देण्यात आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये फॉक्स सॅन अँटोनिओला गेला आणि तो मोसम ४० विजय व ४२ पराभवांवर संपला. त्याच वर्षी हॅलिबर्टनने इंडियानाला एनबीएच्या अंतिम फेरीत नेले. एकमताने गौरविलेला प्रशिक्षक दोन वर्षांच्या आत नकोसा होतो, याचा अर्थ सुधारणेला लागणारा संयम चाहत्यांपाशी होता, कारभाऱ्यांपाशी नव्हता. सोळा वर्षे थांबलेल्यांना आणखी दोन वर्षे थांबणे जड गेले नसते.

निष्ठा की ओलीस?

अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये एक मर्मग्राही मांडणी केली. एखाद्या संस्थेचा दर्जा घसरू लागला की तिच्याशी संबंधित माणसापुढे दोन मार्ग असतात: सोडून जाणे किंवा आवाज उठविणे. निष्ठेमुळे तो पहिला मार्ग लगेच पत्करत नाही आणि दुसऱ्या मार्गाला अवसर मिळतो. निष्ठेचे सामाजिक मोल ते हेच. परंतु सोडून जाण्याची शक्यताच उरली नाही आणि आवाज ऐकून घेणारे कोणी नसले, तर ती निष्ठा संस्थेला सुधारत नाही, आळशी करते. सॅक्रामेंटोच्या चाहत्याची स्थिती बव्हंशी अशीच होती. तो संघ सोडून जाणार नाही याची मालकांना खात्री होती. संघ मात्र त्याला सोडून जाऊ शकत होता.

ही धमकी पोकळ नव्हती. २००६ मध्ये नव्या क्रीडागारासाठी विक्रीकर वाढविण्याचा प्रस्ताव त्या परगण्यातील मतदारांनी प्रचंड बहुमताने फेटाळला. २०११ मध्ये त्या वेळच्या मालकांनी संघ ॲनहाइमला नेण्याच्या हालचाली केल्या. २०१३ मध्ये त्यांनी तो सिअ‍ॅटलच्या गटाला विकण्याचा करार केला. तेव्हा चाहत्यांनी सभा घेतल्या, मोसमी तिकिटे घेण्याची वचने गोळा केली, आणि स्वतः एकेकाळी एनबीएमध्ये खेळलेले महापौर केव्हिन जॉन्सन यांनी दुसरा खरेदीदार गट उभा केला. मुंबईत जन्मलेले उद्योजक विवेक रणदिवे हे त्या गटाचे प्रमुख. १५ मे २०१३ रोजी एनबीएच्या मालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी स्थलांतर नाकारले आणि सुमारे ५३ कोटी डॉलर इतके संघाचे मूल्य धरून विक्री झाली. आवाज उठविल्याने संघ राहिला, हे चाहत्यांचे यश निर्विवाद आहे.

पण त्याची किंमत पाहा. नव्या क्रीडागाराच्या ५० कोटी डॉलरांहून अधिक खर्चापैकी साडेपंचवीस कोटींचा भार शहराने उचलला. हा निर्णय मतदारांपुढे न्यावा म्हणून नागरिकांनी सह्या जमविल्या, परंतु अर्जातील तांत्रिक त्रुटींवर बोट ठेवून तो २०१४ मध्ये बाद ठरला आणि नगरपरिषदेने सात विरुद्ध दोन मतांनी योजना मंजूर केली. क्रीडागारांवर खर्च केलेला सार्वजनिक पैसा रोजगाराच्या वा कराच्या रूपाने क्वचितच भरून निघतो, असा निष्कर्ष रॉजर नोल आणि अँड्र्यू झिम्बॅलिस्ट यांनी संपादित केलेल्या १९९७ च्या ग्रंथात सप्रमाण मांडला गेला होता. दरम्यान, दहा वर्षांत संघाचे अंदाजी मूल्य तीन अब्ज डॉलरपलीकडे गेले. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ही म्हण कठोर वाटेल. पण दळणाऱ्याच्या वाट्याला पीठ किती आले, हा प्रश्न तिने टळत नाही.

आणि सिअ‍ॅटलचे काय? त्या शहराचा 'सुपरसॉनिक्स' हा संघ ४१ मोसमांनंतर २००८ मध्ये ओक्लाहोमा सिटीला नेण्यात आला. त्याच संघाने २०२५ मध्ये, नव्या नावाने आणि नव्या गावात, विजेतेपद मिळविले. सॅक्रामेंटोने जे वाचविले ते सिअ‍ॅटल परत मिळवू पाहत होते. दोन शहरांच्या निष्ठांना असे एकमेकींविरुद्ध झुंजवून बोली चढविणे, हाच या धंद्याचा सर्वांत किफायतशीर व्यवहार आहे.

पुण्याचा धडा

मराठी वाचकाने हा सारा प्रकार दूरदेशीची करमणूक म्हणून वाचू नये. ऑक्टोबर २०१९ मध्ये किंग्ज आणि इंडियाना यांच्यात मुंबईत, वरळीच्या क्रीडागारात, एनबीएचे भारतातील पहिले दोन सामने झाले. पहिल्या सामन्याला सुमारे तीन हजार शाळकरी मुले हजर होती. तो सामना किंग्ज जादा वेळेत एका गुणाने हरले. रणदिवे यांच्या जन्मगावी हा खेळ आला याचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. परंतु व्यावसायिक संघाशी नाते जोडण्याचा अनुभव आपल्याला क्रिकेटमुळे आधीच आला आहे आणि तो फारसा सुखद नाही.

इंडियन प्रीमिअर लीगमध्ये पुण्याचा 'वॉरिअर्स' हा संघ २०११ ते २०१३ असे तीन मोसम खेळला आणि मालक व क्रिकेट मंडळ यांच्या वादात नाहीसा झाला. दोन संघांच्या निलंबनामुळे रिकाम्या झालेल्या जागेवर २०१६ मध्ये दुसरा पुणेरी संघ आला. पहिल्या वर्षी तो आठ संघांत सातवा होता. दुसऱ्या वर्षी अंतिम सामन्यात मुंबईकडून अवघ्या एका धावेने हरला. धडपडणाऱ्या संघाच्या सुधारणेचे याहून ठळक उदाहरण सापडणार नाही. आणि त्या धावेनंतर तो संघच उरला नाही, कारण त्याचे आयुष्य मुळातच दोन वर्षांचे ठरलेले होते. पुणेकर चाहत्याला पुढच्या मोसमाची आशा धरण्याचीही सोय ठेवली गेली नाही. सुधारणेला काळ लागतो. काळाची हमी नसेल, तर निष्ठा ही केवळ जाहिरातदारांनी उसनी घेतलेली वस्तू ठरते.

हक्काची जागा

मग उपाय काय? मालकी हक्कच नष्ट करावा, असे कोणी म्हणणार नाही. परंतु चाहत्याला हक्काचे स्थान देणाऱ्या व्यवस्था अस्तित्वात आहेत. अमेरिकन फुटबॉलमधील ग्रीन बे शहराचा 'पॅकर्स' हा संघ १९२३ पासून ना-नफा तत्त्वावर जनतेच्या मालकीचा आहे. त्याचे पाच लाखांहून अधिक भागधारक आहेत, त्यांना लाभांश मिळत नाही, आणि सुमारे एक लाख वस्तीच्या त्या गावातून संघ कोणी हलवू शकलेले नाही. जर्मन फुटबॉलमध्ये, काही अपवाद वगळता, क्लबाच्या सभासदांकडे मतांचे बहुमत असावेच लागते. धंदा त्यामुळे बुडालेला नाही.

ही संपूर्ण व्यवस्था सर्वत्र उचलून नेता येणार नाही, हे मान्य. किमान मागण्या मात्र साध्या आहेत. जेथे सार्वजनिक पैसा घातला जाईल, तेथे संघाच्या वाढत्या मूल्यात त्या शहराचा वाटा असावा. सॅक्रामेंटोने ३५ वर्षे संघ न हलविण्याचा करार मालकांकडून करून घेतला, तसा करार अपवाद न राहता नियम व्हावा. संघ विकला जाणार असेल, तर तो घेण्याची पहिली संधी त्या गावाला मिळावी. आणि मतदारांनी एकदा नाकारलेला खर्च मागील दाराने त्यांच्या माथी मारला जाऊ नये.

चाहत्याकडूनही एक अपेक्षा आहे. त्याची निष्ठा मुकी असू नये. पराभव सोसणे हा त्याचा गुण आहे. गैरकारभार सोसणे हा गुण नव्हे. खेळाडू तोकडे पडले तर टाळ्या वाजवून धीर द्यावा. कारभारी तोकडे पडले तर जाब विचारावा. सॅक्रामेंटोच्या शिक्षकांनी आणि कारकुनांनी २०१३ मध्ये आवाज उठविला तो संघ टिकविण्यासाठी. तो संघ नीट चालविला जावा यासाठीही तितकाच मोठा आवाज उठला, तरच त्यांच्या सोळा वर्षांच्या प्रतीक्षेचे चीज होईल. सुधारणा ही निष्ठावंतांना मिळणारी बक्षिसी नव्हे. ज्यांनी पडत्या काळात धंदा जगविला, त्यांचे ते वाजवी येणे आहे.